ठोकून बघा!

रिक्षा खैरनारांच्या गल्लीत वळली तेव्हा केतकीने बापाला शेवटचं बजावलं.

“बाबा, काय ठरलंय आपलं?”

“भिंतीला हात लावायचा नाही,” पाढे म्हणावेत तसं यांनी म्हणून दाखवलं.

“आणि?”

“कान पण लावायचा नाही.”

“आणि मूठ वर करून लोकांना गप्प करायचं नाही. प्रणवच्या घरच्यांना तर मुळीच नाही.”

“नाही करत गं बाई. तुझ्या लग्नाची बोलणी आहेत, मला कळत नाही का?”

कळत त्यांना सगळं होतं. कळण्याचा आणि हाताचा काही संबंध नव्हता, एवढीच अडचण होती. म्हणून मी त्यांच्या एका हातात नारळाची पिशवी दिली होती आणि दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. दोन्ही हात गुंतलेले असले की माणूस भिंत ठोकणार कशाने, असा माझा साधा हिशेब होता.

आमचे हे, म्हणजे दौलतराव आहेर, नाशकात अग्निशमन दलात नोकरीला होते. उंचपुरे, मिशा राखलेल्या, आवाज असा की भाजीवाल्याला हाक मारली तर पलीकडच्या चौकातला भाजीवाला यायचा. आगी विझवल्या, विहिरीतून म्हशी काढल्या, गोदावरीच्या पुरातून माणसं काढली आणि घरी येऊन माझ्या हातची भाकरी खाऊन ढाराढूर झोपले. केतकी शाळेत होती तेव्हा परगावी एक इमारत कोसळली. आजूबाजूच्या शहरांतून मदतीला पथकं गेली, त्यात हेही गेले. बऱ्याच दिवसांनी परत आले, आंघोळ केली, जेवले आणि म्हणाले, “मीठ कमी आहे.” त्या कामाबद्दल यापलीकडे एक अक्षर बोलले नाहीत.

आणि मग हे ठोकणं सुरू झालं. नव्या जागी गेले की बसायच्या आधी भिंतीपाशी जायचे. बोटाच्या पेराने तीनदा ठोकायचे, टक टक टक. मग भिंतीला कान लावायचा आणि डावी मूठ हवेत वर. ती मूठ वर गेली की सगळ्यांनी गप्प बसायचं, अशी त्यांची अपेक्षा. थोडा वेळ ऐकायचं, मूठ खाली घ्यायची आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने म्हणायचं, “पाणी मिळेल का जरा?” पलीकडून कधी “कोण कडमडलंय रे?” असं यायचं. त्याने त्यांचं समाधान होत नसे. विचारलं तर उत्तर ठरलेलं, “सवय आहे.”

बँकेत ठोकलं तेव्हा पहारेकरी बंदूक घेऊन धावला. माझ्या बहिणीच्या वास्तुशांतीला ठोकलं तर गुरुजींचा मंत्र चुकला आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. लोकांना काय सांगायचं? मी आपली एक थाप ठेवून दिली, “त्यांना भिंतीतली वाळवी ऐकू येते.” थाप इतकी पचली की कॉलनीतले लोक यांना बोलावून कपाटं ठोकून घ्यायला लागले. जोशांच्या देवघरात खरंच वाळवी निघाली आणि मग तर विचारूच नका, दिवाळीला मिठाईचे दोन डबे जास्त आले.

खात्याने त्यांना एकदा समुपदेशकाकडेही पाठवलं. तरुण, सज्जन मुलगा होता. मऊ आवाजात म्हणाला, “काका, झोप लागते का?”

“लागते.”

“वाईट स्वप्नं पडतात?”

“हिला विचारा. हिचं घोरणं ऐकत कुठली स्वप्नं पडणार?”

मी घोरत नाही, हे इथे नमूद करून ठेवते. तो मुलगा काहीतरी लिहून घेत होता, तेवढ्यात हे उठले आणि त्याच्या पाठीमागची भिंत ठोकली. ती प्लायवूडची होती. घड्याळ आणि कॅलेंडरसकट ती पलीकडच्या खोलीत आडवी झाली. पुढची तारीख त्याने दिली नाही.

असं हे ध्यान घेऊन आम्ही खैरनारांच्या दारात उतरलो होतो. केतकी आणि प्रणव एकाच ऑफिसात होते, एकमेकांना पसंत करून बसले होते. आम्ही रीतीप्रमाणे मुलाचं घर बघायला आलो होतो. त्या घराला चार भिंतींपेक्षा बऱ्याच जास्त भिंती आहेत, हे फाटकातूनच दिसत होतं.

प्रणवचे वडील भास्करराव खैरनार बांधकाम खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. गोरे, गोल, हसरे. दारातच म्हणाले, “या, या आहेरसाहेब! चप्पल राहू द्या. फरशी अशी घातलीय की बैल नाचवला तरी ओरखडा यायचा नाही.”

आम्ही बसलो. मी यांना खोलीच्या मधोमध खुर्चीवर बसवलं, भिंतीपासून लांब. केतकीने समोरचा स्टूल असा सरकवला की उठायचं तर आधी स्टूल ओलांडावा लागेल. हे खुर्चीत ताठ बसले, मांडीवर पेढे आणि हातात नारळ. खैरनार तो नारळ घ्यायला पुढे झाले तर हे सोडेनात.

“द्या ना साहेब,” खैरनार म्हणाले.

“राहू द्या. मला बरा वाटतोय हातात.”

खैरनार हसले. विनोदी माणूस दिसतोय, असं त्यांना वाटलं असावं. मी मनात म्हटलं, सुरुवात तर बरी झाली.

मंदाताई, म्हणजे प्रणवची आई, मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. मिक्सरमध्ये चटणी लावली होती. त्या घरघरीत त्यांनी माझा हात धरला. “शालनताई, तुमच्यापासून लपवत नाही. मला आणि यांना केतकी फार आवडलीय. पण गोदूआत्या अजून हो म्हणाल्या नाहीत.”

“गोदूआत्या कोण?”

“यांची आत्या. यांची आई लवकर गेली, आत्यांनीच वाढवलं. शाळेत हेडमास्तरीण होत्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून आतल्या खोलीत पडून असतात, पण त्यांच्या शब्दाबाहेर इथे पान हलत नाही. त्या हो म्हणाल्याशिवाय हे काही सुपारी फोडायचे नाहीत.”

“आमच्यात काय खटकलं त्यांना?”

मंदाताईंनी जरा मान खाली घातली. “म्हणतात, बंबवाल्याची मुलगी आणलीत तर ती घरात घंटा वाजवत फिरेल. आजही म्हणाल्या, मला भेटवू नका, मी झोपलेय. तुम्ही मनावर घेऊ नका हं. येता जाता मी त्यांना समजावतेच आहे.”

मी मनावर घेतलंच. घंटा परवडली बाई, म्हटलं, बंबवाला काय काय वाजवतो ते तुम्हाला ठाऊक नाही. एकदा का या माणसाने इथे भिंत ठोकली की आत्याबाईंना आयतंच कोलीत मिळणार होतं. आणि केतकीचा चेहरा मला दिसत होता. प्रणवकडे बघताना ती जशी बघायची तशी ती दुसऱ्या कशाकडेच बघत नव्हती, साड्यांच्या दुकानातसुद्धा नाही.

मी घाईने बाहेर आले, आणि बघते तर काय, खैरनार आमच्या यांना घर दाखवत होते. स्टूल बाजूला झाला होता. नारळ टीपॉयवर होता.

“विटा मी एकेक वाजवून घेतल्यात, आहेरसाहेब. दोन विटा एकमेकींवर आपटायच्या. खणखणीत वाजली तर घ्यायची, बद्द वाजली तर परत. गवंडी वैतागून पळून गेला, दुसरा आणला. भिंतींना पाणी मी स्वतः मारलंय, सकाळ-संध्याकाळ. नळी माझ्या हातात!”

“छान,” हे म्हणाले. दोन्ही हात पाठीमागे धरले होते, एकात एक अडकवून. कपाळावर घाम होता.

“नुसतं छान काय म्हणता? ही भिंत बघा. ठोकून बघा!”

केतकी खोकली. मीही खोकले. प्रणवला काहीच ठाऊक नव्हतं, तो बिचारा पाणी आणायला उठला.

“नको,” हे म्हणाले.

“अहो, ठोका तर! भिंत आहे की लोखंड, तुम्हीच सांगा.”

“दिसतेय की चांगली. डोळ्यांना दिसतेय.”

“दिसण्यावर काय जाता?” खैरनारांचा आवाज जरा चढला. आपल्या भिंतीवर कोणी विश्वास दाखवून मोकळा झाला, हात न लावता, हे त्यांना अपमानासारखं वाटत असावं. “मी आयुष्यभर लोकांची कामं तपासली. आज माझं काम तपासा म्हणतोय. का, पडेल म्हणून भीती वाटते?”

यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्या माणसाने माझ्याकडे इतकं केविलवाणं बघितलं नव्हतं. उपास धरलेल्या माणसापुढे कोणी बासुंदीची वाटी धरावी आणि वर खाल्ली नाहीस तर रागावेन म्हणावं, तसं झालं होतं. मी काय करणार? यजमान रुसला तरी सोयरीक मोडते आणि पाहुणा ठोकत सुटला तरी मोडते. मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे माझं मलाच माहीत नाही.

हे भिंतीपाशी गेले. टक टक टक. मग कान लावला. डावी मूठ वर गेली.

“वा!” खैरनार म्हणाले, “जाणकार दिसता. कसा आवाज—”

“श्श्!”

खैरनार गप्प झाले. त्यांच्या घरात त्यांना “श्श्” म्हणणारं एकच माणूस असावं आणि ते आत झोपलेलं होतं. आत मिक्सर घरघरत होता. केतकीने डोळे मिटून घेतले. मी वाळवीची थाप जिभेवर तयार ठेवली, पण इंजिनियरच्या घरात वाळवी कशी काढायची या विचारात पडले.

आणि भिंतीतून आवाज आला. ठक. ठक. ठक.

यांचा चेहरा पांढरा पडला. मी आगीतून आलेले हे बघितलेत, पुरातून आलेले बघितलेत, असे कधी बघितले नव्हते. त्यांनी पुन्हा ठोकलं, टक टक टक. पलीकडून पुन्हा आलं, ठक ठक ठक, या खेपेला जरा जोरात.

“माणूस आहे!” हे ओरडले. त्या आवाजाने टीपॉयवरचा नारळ घरंगळला. “जिवंत आहे! मशीन बंद करा! सगळी मशीन बंद!”

आत मंदाताईंनी घाबरून मिक्सर बंद केला. मागून फ्रिजही बंद केला, हे नंतर आइस्क्रीम खाताना कळलं.

“आहेरसाहेब, अहो ती आमची—” खैरनार म्हणाले.

“किती माणसं आहेत पलीकडे?”

“एक. पण—”

“वय?”

“ऐंशीच्या वर असेल. अहो पण—”

“जखमी आहे?”

“खुब्याचं हाड मोडलंय, पण ते—”

“हलवू नका कोणी!” यांनी दोन्ही तळवे भिंतीवर टेकवले आणि तोंड भिंतीजवळ नेलं. आवाज एकदम खाली आला. तान्ह्या केतकीला निजवताना यायचा तसा. “घाबरू नका. आम्ही आलोय. ठोकत राहा. थांबू नका. तुम्ही ठोकत राहा, मी येतोय.”

पलीकडून ठोकण्याचा पाऊस पडायला लागला.

“आता वरून जायचं की बाजूने,” हे पुटपुटत होते, भिंतीवरून हात फिरवत. “स्लॅब कसा आहे वरचा? कटर लागेल. वेळ जाईल. वेळ नाही आपल्याकडे. बाई, ठोकत राहा!”

मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. खैरनार आ वासून उभे होते. तेवढ्यात प्रणव पाण्याचा तांब्या घेऊन आला. त्याने एकदा सगळ्यांकडे बघितलं, तांब्या खाली ठेवला आणि यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“काका,” तो म्हणाला, “इकडून दार आहे.”

हे वळले. तिथे खरंच दार होतं, साधं, निळा पडदा लावलेलं. यांनी त्या दाराकडे असं बघितलं, जणू भिंतीला दार असू शकतं हे त्यांना कोणी आधी सांगितलंच नव्हतं.

“दार आहे?” ते म्हणाले.

“हो काका. उघडंच आहे.”

हे धावले. पडदा निघून हातात आला. आम्ही सगळे मागोमाग. आत भिंतीला लागून पलंग होता आणि पलंगावर उशांना टेकून एक लहानखुरी म्हातारी बसली होती. चष्मा, पांढराशुभ्र अंबाडा आणि हातात काठी. ती अजून भिंतीवर ठोकत होती, कारण तिला ठोकत राहा म्हणून सांगितलं होतं.

हे पलंगाशी गुडघ्यांवर बसले आणि तिचा हात दोन्ही हातांत धरला. “आलो,” ते म्हणाले. “आलो मी. उशीर झाला.”

“झालाच!” गोदूआत्या कडाडल्या. “तीनदा ठोकलं म्हणजे चहा. किती दिवस सांगतेय मी या घरात? पाण्याला एकदा, चहाला तीनदा. मिक्सर लावून बसतात, म्हातारी मेली तरी कळायचं नाही.” मग त्यांनी चष्मा नीट करून खाली बघितलं. “तुम्ही कोण?”

त्यांनी तो सुरकुतलेला हात कपाळाला लावला आणि ढसाढसा रडायला लागले. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना रडताना बघत होते. केतकी माझा दंड घट्ट धरून उभी होती.

“बंबवाला,” शेवटी ते म्हणाले. “मुलीचा बाप.”

गोदूआत्यांनी आमच्याकडे एकदा बघितलं. कोणी काही बोलायच्या आत त्यांनी काठी उगारली, म्हणजे सगळे गप्प. “काय झालं बाबा?” त्यांनी यांना विचारलं. “सांग.”

आणि जे यांनी मला सांगितलं नव्हतं, खात्याला सांगितलं नव्हतं, त्या मऊ आवाजाच्या मुलाला सांगितलं नव्हतं, ते त्यांनी अनोळखी म्हातारीला सांगितलं. “इमारत पडली होती. भिंतीपलीकडे एक बाई होती. दिसत नव्हती. तीनदा ठोकलं की तीनदा उत्तर द्यायची. मी म्हटलं, ठोकत राहा, मी आलोच. स्लॅब कापायला वेळ लागला. कापता कापता तिकडचं थांबलं. मी ठोकत होतो. साहेबांनी ओढून बाजूला केलं तरी ठोकत होतो. मी आलोच म्हटलं होतं हो तिला.”

खैरनारांनी दाराच्या चौकटीला धरलं होतं.

गोदूआत्यांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, “ती ठोकत होती तोवर तुझं ठोकणं तिला ऐकू येत होतं ना?”

“हो.”

“मग ती एकटी गेली नाही. पलीकडे माणूस आहे, हे तिला ठाऊक होतं. मी इथे रोज ठोकते आणि माझा भाचा टीव्हीचा आवाज वाढवतो.”

“आत्या!” खैरनार म्हणाले.

“गप. आज पहिल्यांदा या घरात मी ठोकलं आणि कोणी धावत आलं. पडदा फाडून आलं.” त्यांनी काठी केतकीकडे रोखली. “ही त्याची मुलगी? भास्कर, सुपारी फोड. आणि आधी चहा टाका, नाहीतर मी पुन्हा ठोकेन.”

सुपारी फुटली. लग्न झालं. हॉलच्या भिंती यांनी ठोकल्या नाहीत असं मी म्हणणार नाही, पण दोनच ठोकल्या आणि मूठ वर केली नाही. हळूहळू बाहेरचं ठोकणं कमी झालं. कॉलनीत वाळवीवाले म्हणून त्यांचं नाव मागे पडलं, मिठाईचे डबे कमी झाले. खैरनारांकडे गेलो की मात्र ते बैठकीतल्या त्या भिंतीपाशी जायचे, टक टक टक करायचे आणि पलीकडून काठी वाजली की मंदाताई न विचारता दोन चहा आत पाठवायच्या. दोघं आत काय बोलायची, कोण जाणे. एकदा मी कान दिला तर पत्त्यात कोण लबाडी करतं यावरून भांडण चाललं होतं.

पाच-सहा वर्षांनी गोदूआत्या गेल्या. शांतपणे, दुपारच्या झोपेत. तेराव्याला आम्ही गेलो तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं. हे आत आले, सवयीने त्या भिंतीपाशी गेले आणि हात उचलला. तो तसाच राहिला. मग त्यांनी तो सावकाश खाली घेतला आणि भिंतीकडे बघत उभे राहिले. मला त्यांच्याजवळ जाववेना. आता पुन्हा बँकेपासून सुरुवात होणार, एवढंच मला दिसत होतं.

खैरनार कोणाशी तरी बोलत बसले होते. बोलता बोलता थांबले. माणसांतून वाट काढत आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी मागे दार लावून घेतलं.

ठक. ठक. ठक.

जरा जास्तच जोरात ठोकलं बिचाऱ्यांनी. इंजिनियर माणूस, काठीचा अंदाज कुठला असायला? त्या भिंतीचा, एकेक वीट वाजवून घेतलेल्या आणि सकाळ-संध्याकाळ पाणी पाजलेल्या भिंतीचा, बशीएवढा पोपडा सुटून यांच्या पायाशी पडला.

यांनी भिंतीला कान लावला. डावी मूठ वर गेली. काय झालं ते कोणाला कळलं नाही, पण सगळं घर गप्प झालं.

“आहे,” डोळे पुसत हे म्हणाले. “माणूस आहे पलीकडे.”

“आहेरसाहेब,” भिंतीपलीकडून खैरनारांचा आवाज आला, “प्लास्टर पडलं का हो?”

“छे!” हे म्हणाले, आणि त्यांनी तो पोपडा पायाने हळूच सोफ्याखाली सारला.